आजीच्या खिडकीची दोरी

पोराची खाट खिडकीखाली लावायची, हे काकूंनी फार आधीच ठरवून टाकलं होतं. काकूंनी एकदा ठरवलं की या घरात चर्चा होत नसे, फार तर कुरकुर व्हायची. घरातली सगळ्यात मोठी खोली आजीची, त्या खोलीत सगळ्यात मोठी खिडकी, आणि त्या खिडकीला घरातला सगळ्यात जुना पडदा. लाकडी पट्ट्यांचा, आजोबांनी स्वतःच्या हातानं केलेला. खालचा पडद्यांचा कारखाना त्या एका पडद्यापासून सुरू झाला. त्याच्याखाली पणतू झोपणार. यापेक्षा चांगली जागा पोराला कुठली मिळणार होती?

भिंगरी दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिचा दीड वर्षाचा मुलगा, लाडानं बोका, तिच्या कडेवर होता आणि तिचं कानातलं ओढत होता. आजीच्या धाकट्या मुलाची ही मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून आजोबांनी तिला भिंगरी केलं, आणि आता मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट तपासत फिरते तरी घरात ती भिंगरीच आहे. तिच्या बापानं हे घर सोडलं तेव्हा ती शाळेत होती. त्यानंतर आज पहिल्यांदा आली होती, तीही मुक्कामाला. आजी सकाळपासून पलंगावर बसून केस पुन्हा पुन्हा विंचरून घेत होती ते उगाच नाही.

"ये ये, आत ये. अशी पाहुण्यासारखी दारात काय उभी?" काकू म्हणाल्या. "बघ बरं, जमलंय का. हौसेनं केलंय हो मी."

हौस दिसतच होती. कठड्याच्या खाटेत एकावर एक दोन गाद्या, चारी बाजूंना उशा, वर मऊ दुलई, आणि कोपऱ्यात बोक्याएवढा कापसाचा ससा.

"काकू, किती केलंत हो," भिंगरी म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. मग तिनं बोक्याला आजीच्या मांडीवर दिलं, पिशवी बाजूला ठेवली, आणि सरळ हातापायांवर येऊन खोलीभर रांगायला लागली.

काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या त्या तिच्यावर अडखळतच होत्या. "अगं बाई! काय हरवलं?"

"काही नाही. बोक्याला जे दिसणार ते बघतेय." पलंगाखालून आवाज आला. "ही टाचणी घ्या. आजीच्या गोळ्या खालच्या खणात आहेत, त्या वर ठेवूया. आणि हे कपाट हलतंय, काकू. खण उघडून त्यावर चढला तर अंगावर येईल. भिंतीला पट्टी मारायला हवी."

आजी हसायला लागली. "लिफ्टवाल्या बाई तपासणीला आल्यात. आता आपल्याला पास करतात का नापास, बघ."

काकूंना मात्र हसू आलं नाही. त्यांनी काल ही खोली दोनदा झाडली होती. टाचणी हातात घेऊन त्या नुसत्या उभ्या राहिल्या, आणि भिंगरी उठून खाटेतलं सामान एकेक करून बाहेर काढायला लागली तशी त्यांनी ती टाचणी आणखी घट्ट धरली. ससा गेला. उशा गेल्या. दुलई गेली. वरची गादीही गेली.

"अगं, उशीसुद्धा नको?"

"नको, काकू."

"मग पोरानं झोपायचं कशावर, वाऱ्यावर?"

"या एका गादीवर, वर ताणून बसवलेली चादर. गादीवर गादी घातली की कठडा बुटका होतो, आणि हा तर आता चढायला शिकलाय. कडेला फटही राहते. तोंड खुपसून त्यात अडकला तर आपल्याला कळणारही नाही. गार वाटलं तर मी त्याला जाड कपडे घालते." मग काकूंचा चेहरा बघून तिनं घाईनं जोडलं, "ससा जागेपणी खेळायला देऊ ना. आवडेल त्याला."

"बघ बाई. आमच्यात सगळी पोरं उशा लावूनच वाढली," काकू म्हणाल्या. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, आणि 'आमच्यात' हा शब्द त्यांनी जरा जपूनच उच्चारला. भिंगरीला ते लागलं. पण ती पुढं काही बोलण्याआधीच तिची नजर दोरीवर गेली.

पडद्याची दोरी खिडकीच्या कडेनं खाली आली होती. मूळची माणसाच्या छातीपर्यंत. पण आजीचं कंबरेचं दुखणं सुरू झालं तेव्हा थोरल्यांनी, म्हणजे आजीच्या थोरल्या मुलानं, काकूंच्या नवऱ्यानं, दोरीला जोड देऊन ती पार पलंगापर्यंत आणली होती. दोन पदर, टोकाला दोन लाकडी मणी. आजीला आता उठवायला माणूस लागे, बसवायला माणूस लागे, पाणी द्यायला माणूस लागे. पण सकाळी ती स्वतःच्या हातानं दोरी ओढून खोलीत उजेड आणी आणि दुपारी स्वतःच्या हातानं अंधार करी. दिवसातलं तिचं स्वतःचं म्हणावं असं काम तेवढंच उरलं होतं.

आणि तीच दोरी बोक्याच्या खाटेच्या कठड्याला टेकली होती.

"ही दोरी," भिंगरी म्हणाली आणि थांबली. "ही वर गुंडाळून ठेवता येईल का? खुंटीला, उंचावर?"

"वर ठेवली तर आईंचा हात कसा पोचेल?" काकू म्हणाल्या.

"खाट सरकवली तर?"

कुठं सरकवणार? इकडं हलणारं कपाट, तिकडं दार, मध्ये आजीचा पलंग. बाकीचं घर म्हणजे कारखान्याचं गोदामच झालं होतं. बैठकीत पट्ट्यांचे गठ्ठे आणि तिथूनच उतरणारा उघडा जिना, काका-काकूंच्या खोलीत पलंग सोडून पाय ठेवायला जागा नाही. आणि खाट सरकवून तरी काय होणार होतं? बोका कठड्यावरून उतरला की पहिला आजीच्या पलंगावर चढणार, हे भिंगरीला पक्कं माहीत होतं.

ती आजीकडं बघत राहिली. आजीच्या बोटांत दोरीचा एक मणी होता, सवयीनं फिरत असलेला. ही दोरी मी काढा म्हणू कशी? इतक्या वर्षांनी आले, आणि आल्या आल्या म्हातारीच्या हातातली एकुलती एक गोष्ट हिसकावू?

"आजी," ती शेवटी म्हणाली, "आम्ही रात्री जवळच्या लॉजवर झोपतो. सकाळी उठलं की इथंच. दिवसभर तुझ्याजवळ."

आजीचं मणी फिरवणं थांबलं. "लॉजवर?" ती म्हणाली. "माझा पणतू लॉजवर?"

थोरले कारखान्यातून वर आले ते नेमके याच वेळी. कानावर पेन्सिल, कमरेला टेप. हा टेप ते झोपतानाच काय तो काढत.

"कोण चाललंय लॉजवर?"

काकूंनी सांगितलं. जसं झालं तसं न सांगता, थोडं तिखट लावून सांगितलं. उशा काढल्याचं आधी, दोरीचं नंतर.

थोरल्यांनी उशांचं ऐकून घेतलं. दोरीचा शब्द आला तसा त्यांचा चेहरा आवळला. "दोरी नको, असं म्हणते ती?"

"नको असं नाही, काका. पोराच्या हाताला लागेल अशी नको."

"या घरातली सगळी पोरं दोरीवर वाढली. तुझा बापसुद्धा. दोरी ओढून ओढून त्यानं दोन पडदे पाडले, त्याला काय झालं?" त्यांचा आवाज चढला नव्हता, थोरल्यांचा आवाज कधीच चढत नसे, तो फक्त कोरडा व्हायचा. "दोरी वाईट, दोरी जुनी, दोरी काढा. हे मी आधीही ऐकलंय. शब्दसुद्धा तेच."

ते कुणाचे शब्द, हे खोलीतल्या बोक्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या बापाला स्प्रिंगचे पडदे करायचे होते. खालच्या पट्टीला हात लावला की आपोआप वर जाणारे, दोरी नसलेले. थोरले म्हणाले, बाबांनी दोरीवर घर उभं केलं, मी ते मोडू देणार नाही. पण नातं खरं त्यावरून तुटलं नव्हतं. तुटलं ते मापावरून. धाकटा गिऱ्हाइकाच्या खिडकीचं माप घेई, आणि मागून थोरले तीच खिडकी पुन्हा मोजत. सवय म्हणून, काळजी म्हणून, काही म्हणा. पण सगळ्यांसमोर. एका शाळेत सगळ्या खिडक्या थोरल्यांनी अशाच पुन्हा मोजल्या, आणि प्रत्येक माप धाकट्याचंच बरोबर निघालं. त्या दिवशी धाकट्यानं शिडी जागेवर ठेवली आणि बायको-पोरीला घेऊन गाव सोडलं. आता तो परगावी स्प्रिंगचेच पडदे करतो. आईशी फोनवर बोलतो, थोरले खाली असतात तेव्हा.

"मी लॉजला फोन करून बघते," भिंगरी म्हणाली आणि बैठकीत गेली. तिथं पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर बसून ती रडली. थोडंसंच. मग नाक पुसून खरंच फोन लावला.

थोरले खिडकीशी उभे होते. त्यांना राग आला होता हे खरं, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. पोरगी आज गेली की परत येणार नाही. आणि ती आली नाही तर धाकटा कधीच येणार नाही. हे आईला कळत होतं आणि आई त्यांच्याकडं बघत होती. काहीतरी करायला हवं होतं. हात कामाचे, तेव्हा हातांनी हातांना येतं ते केलं. दोरीचे दोन्ही पदर धरले, टोकं एकत्र घेतली आणि गाठ मारली. नेटकी, घट्ट, कारखान्यातली गाठ. मोकळी दोरी लोंबते, गुंतते. बांधलेली दोरी शिस्तीत राहते, हे बाबांनी शिकवलेलं.

"घे," ते आईला म्हणाले. "आता लोंबत नाही. तुझ्या हातालाही येते. सांग तिला, झाली सोय." दोन पावलं मागं सरून त्यांनी पडद्याकडं पाहिलं, कारण पडदा नेहमी दोन पावलं मागून बघायचा असतो, आणि समाधानानं ते बाहेर गेले.

आजीला बरं वाटलं. थोरला हट्टी आहे, पण वाईट नाही, असं ती मनाशी म्हणाली. बोका तिच्या मांडीवरून उतरून पलंगावर उभा राहिला. उभं राहायचं, धप्पकन बसायचं, पुन्हा उभं राहायचं, हा त्याचा सध्याचा खेळ. आजीनं त्याच्या झबल्याचा काठ धरून ठेवला होता. त्याला समोर दोरी दिसली. दोन्ही हातांनी त्यानं ती फाकवली, आत डोकं घातलं, आणि गळ्यात हार पडल्यासारखा आजीकडं बघून खदखदून हसला.

आता तो बसणार होता.

आजीला ते आधी दिसलं आणि मग कळलं. तिनं झबलं सोडून त्याची काख गच्च पकडली. उचलायची ताकद नव्हती, पण खाली जाऊ न देण्याइतकी होती. "सूनबाई!" तिनं हाक मारली. अशी हाक तिनं कित्येक वर्षांत मारली नव्हती.

काकू दारातच होत्या. एका हातानं त्यांनी पोराला उचललं, दुसऱ्यानं दोरी डोक्यावरून काढली. बोक्याला काहीच झालं नाही. त्याला वाटलं हाही खेळच. त्यानं पुन्हा दोरीकडं हात केला. पोराला छातीशी धरून काकू पलंगाशेजारी जमिनीवरच बसल्या. तिथून बघितलं तर ती दोरीची गाठ बरोबर त्यांच्या तोंडासमोर होती. उभं राहून कितीदा या खिडकीकडं पाहिलं होतं. बसून कधीच नाही.

"अहो!" त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "इकडं या आधी."

थोरले आले, मागोमाग भिंगरी आली.

"खाली बसा," काकू म्हणाल्या.

"काय झालं?"

"बसा म्हणते ना. जमिनीवर."

थोरल्यांचे गुडघे कुरकुरले. पण बायकोचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता, तेव्हा ते बसले. काकूंनी बोट केलं. थोरल्यांना आपली गाठ दिसली, गाठीच्या वरचा फास दिसला, आणि फासातून पलीकडं खाटेचा कठडा दिसला.

"आत्ता हे पोराच्या गळ्यात होतं," काकू म्हणाल्या. मग भिंगरीकडं वळून, काही न लपवता, "तू बाहेर होतीस तेव्हा. आईंनी धरलं म्हणून. मी उशा लावत बसले होते गं. मला ही दोरी दिसलीच नाही."

भिंगरीनं बोक्याला घेतलं, त्याची मान बघितली, गाल बघितले, पुन्हा मान बघितली. ओरडावं असं तिला फार वाटलं. पण काका जमिनीवर बसलेले होते आणि त्या फासाकडंच बघत होते.

"मी मारली ती गाठ," ते म्हणाले. "मीच मारली. सोय म्हणून."

"माहितीये, काका," भिंगरी म्हणाली. तिच्या आवाजात राग आणायला ती विसरली.

"सूनबाई," आजी म्हणाली, "मला उभी कर."

"आई, आत्ता कशाला—"

"उभी कर म्हणते ना. आणि माझी कात्री दे."

आजीची कात्री म्हणजे कारखान्यातली. एके काळी इथल्या प्रत्येक पडद्यात दोरी आजीनं ओवलेली असे; आजोबा पट्ट्या तासत आणि ती ओवत बसे. ही दोरीही तिनंच ओवली होती. काकूंनी तिला एका बाजूनं धरलं, थोरल्यांनी दुसऱ्या बाजूनं. आजीनं आधी पडदा पूर्ण खाली घेतला, सावकाश, दोरी हातातून सोडत सोडत. खोली मऊ अंधारली. मग जोड दिली होती त्याच्या वर कात्री लावली.

"आई, थांब," थोरले म्हणाले. "वर खुंटी मारतो मी. मग तू—"

"खुंटी मार नंतर. उरलेली गुंडाळायला." कात्री जुनी असली तरी धार होती. दोन्ही पदर एका दमात तुटले. पडदा होता तिथंच राहिला. फक्त आजीच्या हातात दोरी उरली, गाठीसकट, मण्यांसकट. तिनं ती थोरल्यांच्या खिशात घातली. "हे कारखान्यात ने. इथं नको."

"मग तुला उजेड कोण करणार?"

"मारीन हाका. तुम्हाला तरी दुसरं काय काम आहे?" आजी बसली. हे ती हसत म्हणाली, पण तिचा हात सवयीनं दोरी शोधत गेला, रिकामा परत आला, आणि ते तिघांनाही दिसलं.

भिंगरीनं लॉजबद्दल एक अक्षर काढलं नाही. तिनं बोक्याला खाटेत ठेवलं, उताणं, पातळ गादीवर, दुसरं काही नाही. तो थोडा कुरकुरला, कठड्याचे गज मोजल्यासारखे चाचपत राहिला, आणि प्रवासानं दमलेला असल्यामुळं लवकरच झोपला. काकू खाटेशेजारी जमिनीवर बसून राहिल्या. उशी नाही, दुलई नाही, आणि पोर खुशाल झोपलंय, हे त्यांना पटायला थोडा वेळ लागला.

"तुझ्या बापाला फोन लाव," आजी हळूच भिंगरीला म्हणाली.

"आत्ता? काका इथं आहेत."

"म्हणूनच लाव."

फोन लागला. भिंगरीनं आवाज बारीक करून स्पीकर चालू केला आणि आजीच्या उशाशी ठेवला.

"पोचली का पोरगी?" धाकट्याचा आवाज. "बोका कसाय?"

"झोपलाय. माझ्या खोलीत झोपलाय," आजी म्हणाली, आणि ते पुन्हा म्हणावंसं वाटलं म्हणून म्हणाली, "माझ्या खोलीत. ऐक, माझ्या खिडकीची दोरी मी कापून टाकली. आता मला अंधारात बसायला लागणार. तुझा तो आपोआप वर जाणारा पडदा हवाय."

पलीकडं हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "बाबांच्या पडद्याची दोरी? तू कापलीस?"

"मग काय शेजाऱ्यांनी? कधी येतोस?"

"यायला कशाला लागतं, आई," तो सांभाळून म्हणाला. "माप पाठवायला सांग. बनवून पार्सल करतो. बसवायला काही अवघड नाही."

आजीचा चेहरा उतरला. तिला पडदा नको होता. पडद्याच्या निमित्तानं जे हवं होतं ते पार्सलनं येत नाही. तिनं थोरल्यांकडं पाहिलं. थोरले हलणाऱ्या कपाटाला टेकून उभे होते आणि त्यांचा हात कमरेच्या टेपवर होता. ही खिडकी त्यांना पाठ होती. टेप न काढतासुद्धा त्यांनी माप सांगितलं असतं.

ते पलंगाशी आले आणि फोनजवळ वाकले.

"माप मी देणार नाही," ते म्हणाले.

भिंगरीनं डोळे मिटले. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

"तू ये आणि घे," थोरले म्हणाले. कोरडा आवाज त्यांना ऐन वेळी साथ देईना. "तूच घे. तूच बसव."

"आणि मागून कोण मोजणार?" धाकट्यानं विचारलं. इतक्या वर्षांनी भावाशी बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य.

"कुणी नाही. मी शिडी धरतो."

मग, "ती जुनीच शिडी? तिची एक पायरी सैल होती."

"अरे, ती केव्हाच नीट केली मी! तू गेलास त्याच आठवड्यात! खिळा बदलला, पायरी बदलली, तुला काय वाटलं, मी तशीच—" थोरल्यांचा आवाज उभ्या आयुष्यात पहिल्यांदा चढला. खाटेत बोक्यानं कूस बदलली. काकूंनी झटकन कठड्याला हात लावला.

"हळू बोला रे दोघं," आजी म्हणाली. "पोर झोपलंय."